ताप उतरला, वाघ्या जेवला, मग घोळणा का फुटला?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“आमचा वाघ्या ४ वर्षांचा, गावठी आणि अल्सेशियनचा क्रॉस, वजन अंदाजे २० किलो. बेदाण्याच्या शेडवर राखणीला असतो. माघात शेजारच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या, तेव्हापासून त्याच्या अंगावर गोचीड फार झाले. तीन आठवड्यांपूर्वी ताप आला, जेवण सुटलं. गावातल्या एकानं दोन दिवस तापाची इंजेक्शनं दिली, तो चार दिवस बरा होता आणि परत बसला. आता हिरड्या पांढऱ्या दिसतात, पोटावर लाल ठिपके आहेत, काल सकाळी एका नाकपुडीतून रक्त आलं. उन्हाळ्याची उष्णता असेल असं वाटतं. रक्त वाढावं म्हणून रोज मूठभर बेदाणा भिजवून देतोय. म्हशीचं गोचिडाचं औषध बादलीत टाकून अंघोळही घातली. शेजारी म्हणतात, म्हशीला देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचा. टोचावं का? घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांना काही होईल का?”

दादा, बाकीचं सावकाश वाचा, आधी दोन कामं करा. बेदाणा आत्ताच बंद करा. आणि वाघ्याला आजच सांगली-मिरजेकडच्या अशा दवाखान्यात न्या, जिथं कुत्र्याच्या रक्ताची तपासणी होते. उन्हाळ्यात माणसाचा घोळणा फुटतो तसा कुत्र्याचा फुटत नाही. कुत्र्याच्या नाकातून आपोआप रक्त आलं, तर एकतर नाकात काही अडकलं किंवा वाढलं आहे, नाहीतर रक्त गोठण्यात बिघाड झाला आहे. पोटावरचे लाल ठिपके असतील तर दुसरी शक्यता धरून चालायचं. ठिपक्यावर बोट दाबून बघा. दाबल्यावरही तो फिका पडला नाही, तर ते पुरळ नाही, कातडीखाली झिरपलेलं रक्त आहे.

नेताना गळ्यातला पट्टा काढा आणि छातीला बांधायचा पट्टा वापरा. मोटरसायकलवर पोटाला दाबून धरून नेऊ नका, कारण मला संशय आहे त्या गोचीड तापात प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, सुजलेली असते आणि दाबली गेली तर आत रक्तस्राव होऊ शकतो. चारचाकीत गोणपाटावर आडवं झोपवून न्या. वाटेत नाकातून रक्त आलं तर नाकाच्या वरच्या बाजूला थंड पाण्याची घडी धरा. नाकात कापूस कोंबू नका, हळद फुंकू नका, त्यानं शिंक येते आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. हाडं आणि कडक बिस्किटं सध्या बंद, हिरडीला ओरखडा गेला तरी रक्त थांबायला वेळ लागेल.

आता बेदाण्याचं. तुम्ही जीव लावून देताय हे कळतं, आपल्याकडं अशक्त माणसाला मनुका भिजवून देतातच. पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी आहेत. किती खाल्ल्यावर बाधतात याचा हिशेब लागत नाही. एक कुत्रा मूठभर खाऊनही हिंडतो, दुसऱ्याची तेवढ्यानंच मूत्रपिंडं बंद पडतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागं असावं असं अलीकडं मानलं जातं, आणि त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणं आणि पिकण्याप्रमाणं बदलतं. शिवाय साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे मूठभर बेदाणा पोटात गेला की चार मुठी द्राक्षं गेल्यासारखी. बाधलं तर बहुधा २४ तासांत उलट्या सुरू होतात. मग सुस्ती येते, आणि एक ते तीन दिवसांत लघवी आधी वाढते किंवा एकदम कमी होते. वाघ्याला उलट्या नसल्या तरी रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन करून घ्याच, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. निवडणीच्या वेळी खाली सांडलेला मालही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. पुढं कधी त्यानं पोतं फोडून खाल्लं, तर पहिल्या दोन तासांत डॉक्टरांकडून उलटी करवून घेता येते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, ते मीठच मेंदूला बाधतं.

आणखी एक प्रश्न, जो डॉक्टरही विचारतील. शेडमध्ये उंदरांसाठी विषारी केक ठेवला होता का? बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या केकनं रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते. केक खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो, मग नाकातून, हिरडीतून किंवा छातीच्या आत रक्त जाऊ लागतं. मेलेला उंदीर खाल्ला तरी धोका असतो. यावर व्हिटॅमिन के-१ हेच औषध आहे आणि ते तीन-चार आठवडे द्यावं लागतं. तुमच्या पत्रातला ताप, गोचीड आणि मध्येच बरं वाटणं बघता मला गोचीड तापाचीच शक्यता जास्त वाटते. पण केक ठेवला असेल तर ते लपवू नका, पाकीट सोबत न्या. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत.

गोचीड ताप म्हणजे टिक फीवर. हे एका रोगाचं नाव नाही, आणि इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. आपल्याकडं दोन मंडळी प्रामुख्यानं भेटतात. एक एर्लिकिया, हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटवतो. दुसरा बबेसिया, हा तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. एकाच गोचिडाकडून दोन्ही मिळू शकतात. एर्लिकियात ताप, सुजलेल्या गाठी, अंगावर ठिपके, घोळणा फुटणं आणि कधी डोळा धुरकट होणं दिसतं. बबेसियात हिरड्या झपाट्यानं पांढऱ्या पडतात, डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर होतो आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा लालसर येते. म्हणून आज निघण्याआधी वाघ्याची लघवी पांढऱ्या वाटीत धरा, रंग बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेडच्या मातीवर रंग कळत नाही.

मग तापाच्या इंजेक्शननं चार दिवस बरं का वाटलं? कारण ते औषध ताप उतरवतं, जंतू मारत नाही. शिवाय एर्लिकियाचा स्वभावच तसा आहे. गोचीड चावल्यावर ८ ते २० दिवसांनी ताप येतो, दोन-चार आठवडे त्रास होतो, मग कित्येक कुत्री औषधाविनाही बरी झाल्यासारखी दिसतात. जंतू मात्र प्लीहेत दबा धरून बसतो, महिनोन्‌महिने, कधी कधी काही वर्षं. पुढं तो हाडांच्या मगजावर हल्ला करतो, जिथं रक्त तयार होतं, आणि त्या टप्प्यावर हातात फार थोडं उरतं. वाघ्या अजून त्या टप्प्याला गेलेला नसावा, फक्त तीन आठवडे झालेत. म्हणूनच आता दवडलेला प्रत्येक दिवस महाग आहे.

तापासाठी घरातल्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात. प्लेटलेट कमी असताना त्या व्रणातून होणारा रक्तस्राव आटोक्यात येत नाही. पॅरासिटामॉलही अंदाजानं देण्याची चीज नाही. ताप मोजायचा तर हाताने नाक चाचपून कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला तेल लावा, शेपूट धरून गुदद्वारात २ ते ३ सेंटिमीटर सरकवा. निरोगी कुत्र्याचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, त्यामुळं आपल्यासारखं ९८ दिसलं तर ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, अंग गार पडतंय. १०५ च्या वर गेलं तर पंजे आणि पोट साध्या पाण्यानं ओलं करा, पंखा लावा आणि निघा. बर्फ नको.

दवाखान्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरून तपासलेला थेंब) या दोन तपासण्या नक्की मागा. कुत्र्याचे प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात, हिमोग्लोबिन १२ ते १८. गावातल्या माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं तर एक अडचण येते. माणसाच्या रक्तासाठी लावलेलं मशीन कुत्र्याच्या पेशी चुकीच्या मोजू शकतं. त्यामुळं आकडा फारच कमी आला तर काचपट्टीवर डोळ्यांनी मोजून खात्री करायला सांगा. बबेसिया शोधायला कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या पहिल्या थेंबाचा स्मिअर चांगला, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत बाधित पेशी जास्त सापडतात. झटपट निकालाच्या किटबद्दल एवढं ध्यानात ठेवा की ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं केलेली प्रतिद्रव्यं शोधते. आजाराच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि कुत्रा बरा झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. ‘किट निगेटिव्ह, म्हणजे टिक फीवर नाही’ असं कुणी म्हणालं तर प्लेटलेटचा आकडा पुढं करा.

एर्लिकियावरचं मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. प्रमाण दर किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम. वाघ्या खरंच २० किलोचा असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक, २८ दिवस. एकूण ५६ गोळ्या. हा हिशेब तुम्हाला कळावा म्हणून दिलाय. चिठ्ठी मात्र वजनकाट्यावर वजन करून आणि यकृत-मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून डॉक्टरच लिहितील. गोळी उपाशीपोटी दिली की उलटी होते, म्हणून आधी चार घास खाऊ घाला. गोळी घशात चिकटून राहिली तर अन्ननलिकेला जखम करते, तेव्हा गोळीनंतर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं ५-६ मिली पाणी हळूहळू सोडा. दूध, दही किंवा कॅल्शियमबरोबर ही गोळी देऊ नका. रक्तवाढीच्या टॉनिकचंही तेच. त्यातलं लोह आणि गोळी पोटात एकमेकांना धरून बसतात आणि अंगात दोन्ही पुरेशी जात नाहीत. गोळी आणि टॉनिक यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं.

एर्लिकियाच असेल तर एक ते तीन दिवसांत वाघ्या उठून जेवू लागेल. नेमक्या याच वेळी बहुतेक घरांत गोळ्या थांबतात. तुम्ही थांबवू नका, पाकीट संपू द्या. उलट तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासावं लागेल, कारण डॉक्सिसायक्लिननं बबेसिया बरा होत नाही. मोठ्या आकाराच्या बबेसियावर इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं १४ दिवसांच्या अंतरानं देतात. टोचल्यावर लाळ गळते, उलटी होते, ते टाळायला आधी ॲट्रोपिन देतात. बारीक आकाराचा बबेसिया गिब्सोनी चिवट, त्यावर अ‍ॅटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र १० दिवस द्यावं लागतं आणि ते खर्चिक आहे. गाईम्हशींची लघवी लाल झाल्यावर टोचतात ते डिमिनाझिन कुत्र्याला कुणी सरसकट टोचत असेल तर अडवा. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत कुत्र्यात फार थोडं अंतर असतं, आणि चुकलं तर मेंदूवर जातं.

हिमोग्लोबिन फारच खाली गेलं असेल तर टॉनिकनं भागत नाही, रक्त द्यावं लागतं. गावात एखादं २५ किलोच्या वरचं, लस दिलेलं, निरोगी कुत्रं कुणाकडं आहे याची चौकशी आत्ताच करून ठेवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तासगावहून लांब पडतं, पण आजार गुंतागुंतीचा झाला तर डॉक्टर तिकडं पाठवू शकतात.

खायला बेदाण्याऐवजी उकडलेली अंडी, बिनहाडाचं चिकन आणि मऊ भात द्या. आठवड्यातून दोनदा थोडी उकडलेली कलेजी चालेल. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि वाघ्याकडं त्या आधीच कमी आहेत. पपईच्या पानांच्या रसाबद्दल लोक सांगतील. त्याच्या भरवशावर २८ दिवसांच्या गोळ्या टाळू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता आयव्हरमेक्टिन. नका टोचू. म्हशीच्या इंजेक्शनच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं, हातून थोडं जास्त भरलं गेलं तरी कुत्र्याला भारी पडतं. बुबुळं मोठी होतात, अंग थरथरतं, दिसेनासं होतं, बेशुद्धी येते. त्यावर उतारा नाही. कोली आणि काही अल्सेशियन वंशाच्या कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यांना तर थोडकंही बाधतं, आणि वाघ्यात अल्सेशियनचं रक्त आहे. एवढं करून गोचिडांवर त्याचा असर कमीच.

अंघोळीच्या औषधाची बाटली काढून नाव वाचा. अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर प्रमाण लिटरला २ मिली, बादलीत अंदाजे टोपणभर नव्हे. अमिट्राझनं कुत्रा गुंगतो, लडखडतो, हृदयाचे ठोके मंदावतात. अंघोळीनंतर असं काही दिसलं असेल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर आजारामुळं आलेली सुस्ती आणि औषधाची गुंगी यांत फरक करता येणार नाही. आजारी कुत्र्याला या औषधांची अंघोळ घालायचीच नाही. शेडवर मांजर असेल तर अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांपासून तिला कटाक्षानं लांब ठेवा.

वाघ्यासाठी गोचिडाची तोंडी गोळी सोयीची. फ्लुरालेनर साधारण १२ आठवडे चालतं, अफॉक्सोलेनर एक महिना. वजन खरोखर मोजा. फ्लुरालेनरची पाकिटं १० ते २० आणि २० ते ४० किलो अशी वेगळी येतात, आणि तुमचा ‘अंदाजे २०’ नेमका सीमेवर आहे. त्याला फिट येत असतील तर ही गोळी देण्याआधी तसं सांगा. गोळीनं गोचीड चावल्यावर मरतो, म्हणून अंगावर एखादा दिसला तर औषध फुकट गेलं असं समजू नका. पण गोचीड चिकटल्यापासून तीन-चार तासांतही एर्लिकिया अंगात जाऊ शकतो, त्यामुळं रोज संध्याकाळी हातानं तपासणं सुटत नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली बघा. बारीक चिमट्यानं कातडीला लागून धरा, सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं, तंबाखूचं पाणी लावणं, हे सगळं बंद. तंबाखूतलं निकोटिन चाटून पोटात गेलं तर तेही विषच.

तुम्ही मेंढ्यांना दोष दिलाय. माझा संशय कळपाबरोबरच्या कुत्र्यांवर जास्त आहे. हा आजार पसरवणारा तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्याच्याच रक्तावर वाढतो. आयुष्यात तीनदा अंगावर चढतो, रक्त पितो आणि पहिल्या दोन वेळी खाली उतरून फटीत कात टाकतो. म्हणजे अंगावर दिसतात त्यांच्या कितीतरी पट भिंतीत असतात. शेवटी मादी उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत दोन-चार हजार अंडी घालते. जमीन धुवून म्हणूनच काही होत नाही. वाघ्या झोपतो तिथली भिंत, पत्र्याची जोडणी, दाराची चौकट, रिकाम्या क्रेटचा ढीग आणि जुनी पोती टॉर्च लावून बघा. पोती जाळा, फटी सिमेंटनं बुजवा, भिंतीला चुना द्या. मग डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन लेबलवर गोठ्यासाठी दिलेल्या प्रमाणात भिंतीवर उंचीपर्यंत फवारा. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून १५ दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा फवारावं लागेल. शेडमध्ये बेदाणा असताना मात्र फवारायचं नाही, माल खायचा आहे आणि रेसिड्यूला, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाला, अडकेल. सध्या वाघ्याची जागाच शेडपासून दूर हलवा आणि माल निघाल्यावर आतलं काम करा. भुकेला गोचीड महिनोन्‌महिने तग धरतो, नुसती जागा रिकामी ठेवून तो जाणार नाही.

मुलांबद्दल: वाघ्याला हात लावल्यानं किंवा त्यानं चाटल्यानं हा आजार मुलांना होत नाही. गोचीड मात्र माणसालाही चावू शकतो, म्हणून मुलांना गोचीड काढू देऊ नका आणि नखानं चिरडू देऊ नका. दुखणाईत कुत्रा घरच्यालाही चावतो, तेव्हा त्याच्या तोंडाशी खेळणं सध्या बंद. रेबीजची लस दर वर्षी दिली आहे का ते कार्डावर बघा. राहिली असेल तर बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारून पहिली तीच द्या. मधल्या काळात चावला तर जखम साबणानं १५ मिनिटं धुवून लगेच सरकारी दवाखान्यात जा.

प्लेटलेट सातव्या दिवशी एकदा, गोळ्या संपल्यावर एकदा आणि त्यानंतर महिन्यानं पुन्हा एकदा मोजा. रिपोर्ट फेकू नका, पुढं दोन वर्षांनी ताप आला तरी ते लागतील. आणि येत्या माघात मेंढ्या रानात बसवायच्या आधी वाघ्याला गोचिडाची गोळी दिलेली असू द्या. कळपाबरोबर येणाऱ्या दोन-तीन कुत्र्यांसाठीही गोळ्या आणून मेंढपाळाच्या हातात द्या. मेंढ्या बसवल्याबद्दल आपण त्यांना धान्य-पैसे देतोच, त्यातच त्या कुत्र्यांच्या गोळ्यांचं बसवा.